खिडकी उघडी असते तेवढ्यात

माझं पहिलं इंजिन मी कानशीनं मारलं. साल १९९३. गाडी यामाहा आरएक्स १००, सेकंडहँड, टाकीला दोन पोचे, पण इंजिन ठणठणीत. कॉलेजातल्या एका मित्राची आरएक्स माझ्या गाडीला पुलाच्या चढावर मागे टाकायची आणि विचारलं की 'पोर्टिंग केलंय' एवढंच उत्तर मिळायचं. पोर्टिंग म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतलं भोक मोठं करणं, एवढी ऐकीव माहिती मला पुरेशी वाटली. दिवाळीच्या सुट्टीत ब्लॉक उतरवला, गोल कानस घेतली आणि धूर बाहेर पडायच्या पोर्टची वरची कड नजरेच्या अंदाजानं वर नेली. सायलेन्सरमधली जाळी उपटून फेकली. गाडी पळायला लागली, निदान तसा आवाज तरी यायला लागला. पुढं जानेवारीतल्या एका पहाटे भेडाघाटच्या रस्त्यावर, तेवर गावाच्या जरा अलीकडे, मागचं चाक जागच्या जागी जाम झालं. क्लच दाबायचं सुचलं म्हणून आज ही प्रस्तावना लिहितोय.

गाडी ढकलत, मग टेम्पोत टाकून जबलपूरमधल्या रांझीत एका मिस्त्रीकडे नेली. त्यानं हेड उघडलं, ब्लॉक काढला, पिस्टनवरचे उभे ओरखडे पाहिले आणि पोर्टमध्ये बोट फिरवून मला विचारलं, "काटा तो है. नापा कहाँ है?" आम्ही जबलपूरची मराठी माणसं घरात मराठी बोलतो आणि गॅरेजात हिंदी, त्यामुळे हा प्रश्न माझ्या डोक्यात आजही हिंदीतच वाजतो. हे पुस्तक म्हणजे त्याला तीस वर्षं उशिरा दिलेलं उत्तर.

रांझीत असा प्रश्न विचारला जावा यात नवल नाही. १९०४ साली जबलपुरात गन कॅरेज फॅक्टरी आली, दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला आणि १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी, जिथून शक्तिमान ट्रक आणि जोंगा बाहेर पडत. या कारखान्यांनी शहराला पगार दिला, क्वार्टर्स दिल्या, आणि आणखी एक गोष्ट दिली जिची नोंद कुठल्या गॅझेटिअरमध्ये होत नाही: मायक्रोमीटर हाताळलेली हजारो माणसं. तोफेच्या गाड्याचा भाग 'साधारण बसला' म्हणून चालत नाही. तिथून निवृत्त झालेला टर्नर जेव्हा घराच्या पडवीत लेथ टाकतो, तेव्हा स्कूटरची बुशही तो त्याच शिस्तीनं कातून देतो. माझा मिस्त्री अशाच एका टर्नरच्या हाताखाली तयार झाला होता. शिक्षण आठवी, पण शून्य पूर्णांक शून्य पाच मिलिमीटर म्हणजे काय, हे त्याच्या बोटांना कळायचं.

मोटारसायकलच्या बाबतीत जबलपूरचं नाव देशभर होतं आणि आहे, पण ते वेगळ्या कारणानं. सेनेच्या सिग्नल्स कोअरचं 'डेअर डेव्हिल्स' पथक इथलंच. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात एका बुलेटवर माणसांचा मनोरा रचून जाणारे ते स्वार. त्यांची बुलेट चार-स्ट्रोक, तिचं वागणं घरंदाज. आमचा विषय, टू-स्ट्रोक, तिच्या उलट स्वभावाचा: हलका, चिडका, धुराचा आणि थोडासा बदनाम.

टू-स्ट्रोक इंजिनाच्या सिलिंडरला झडपा नसतात. भिंतीतच खिडक्या पाडलेल्या असतात आणि वरखाली होणारा पिस्टन हाच त्या खिडक्यांचा पडदा. स्फोटानंतर पिस्टन खाली येऊ लागला की आधी धुराची खिडकी उघडते. आणखी खाली आला की ट्रान्सफरच्या खिडक्या उघडतात आणि क्रँककेसमध्ये दाबलेलं पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण त्यांतून वर येतं. बाथ शहरातल्या जोसेफ डे या इंग्रजानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ही रचना बसवली आणि तिचा गाभा अजून तोच आहे. गैरसोयही तीच आहे. काही काळ दोन्ही खिडक्या एकाच वेळी उघड्या असतात. जुना धूर निघून जायला हवा आणि नवं मिश्रण आत थांबायला हवं, पण दारं तर दोन्ही सताड उघडी. लग्नघरात पहिली पंगत उठत असतानाच दुसरी घुसावी आणि त्या रेटारेटीत दुसऱ्या पंगतीतली चार माणसं न जेवताच मागच्या दारानं बाहेर ढकलली जावीत, तसा हा प्रकार आहे. साध्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा मोठा हिस्सा, कधी कधी चौथाईपर्यंत, असा उपाशीच बाहेर जातो. धूर, वास आणि पेट्रोलचा खर्च या तिन्ही तक्रारींचं मूळ तिथं आहे.

आता यातली वेळ पाहा. आरएक्स १०० चा बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोकही ५० मिलिमीटर. गुणाकार केला की ९८ सीसी. कंपनीनं सांगितलेली ताकद ७,५०० आरपीएमला ११ अश्वशक्ती. म्हणजे क्रँक सेकंदाला १२५ वेळा फिरते, एक फेरा आठ मिलिसेकंदांचा. शर्यतीसाठी हेच इंजिन १०,००० आरपीएमपर्यंत न्यायचं तर फेरा सहा मिलिसेकंदांचा होतो. त्या फेऱ्याच्या ३६० अंशांपैकी धुराची खिडकी १९० अंश उघडी ठेवली तर तिला मिळतात सुमारे ३.२ मिलिसेकंद. ट्रान्सफरच्या खिडक्या १३० अंश उघड्या धरल्या तर त्यांना २.२. पापणी लवायला याच्या तीस-चाळीस पट वेळ लागतो. एवढ्यात धूर गेला पाहिजे, ताजं मिश्रण आलं पाहिजे आणि आलेलं थांबलं पाहिजे.

म्हणून मी लोखंड कापत होतो असं मला वाटत होतं, पण प्रत्यक्षात वेळ कापत होतो. ५० मिलिमीटर स्ट्रोकच्या इंजिनात, धुराची खिडकी उघडायच्या सुमारास, पिस्टन क्रँकच्या एका अंशाला जेमतेम ०.४३ मिलिमीटर सरकतो. त्यामुळे खिडकीची कड एक मिलिमीटर वर नेली की ती सव्वादोन अंश आधी उघडते आणि सव्वादोन अंश उशिरा मिटते; एकूण काळ साडेचार अंशांनी वाढला. एक मिलिमीटर म्हणजे नखाची जाडी म्हणा. दोन मिलिमीटर चुकलात की इंजिनाचा स्वभाव बदलला. वरच्या आरपीएमला त्याला जास्त वेळ मिळाला म्हणून ते खुशीत, पण खाली, जिथं आपण दिवसभर गाडी चालवतो, तिथं स्फोटाचा दाब पिस्टनला पुरता ढकलायच्या आधीच खिडकी उघडते. वर मिळालेली ताकद खालून उसनी घेतलेली असते. बडा फुहाऱ्याच्या संध्याकाळच्या गर्दीत दुसऱ्या गिअरवर रांगणाऱ्या गाडीला १९५ अंशांची खिडकी म्हणजे शिक्षा आहे, आणि ती शिक्षा हौसेनं करून घेतलेली पोरं मी पुष्कळ पाहिली.

खिडक्यांइतकंच, माझ्या मते त्याहून जास्त, महत्त्व धुराच्या नळीला आहे. आणि या नळीबद्दलच गॅरेजांमध्ये सगळ्यात जास्त खोटं बोललं जातं. 'सायलेन्सर मोकळा केला की पिकअप वाढतो' हे वाक्य मी नाना पेठेत ऐकलंय, कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऐकलंय आणि रांझीत तर रोज ऐकतो. मोकळा केला की आवाज वाढतो. आवाज आणि ताकद यांचा कानात जो गोंधळ होतो त्यावर कितीतरी दुकानं चालतात.

खरी गोष्ट अशी. खिडकी उघडताच जळालेल्या वायूचा दाब नळीत एक धक्का सोडतो. तो धक्का लाटेसारखा पुढं धावतो. नळी जिथं पसरत जाते तिथून त्या लाटेचा एक भाग उलटा होऊन, ओढ बनून, मागे येतो आणि सिलिंडरमधला उरलेला धूर खेचून काढतो. इतका जोरात खेचतो की थोडं ताजं मिश्रणही नळीत येतं. पुढं नळी आवळत जाते. तिथून लाट सुलट, दाब बनून परतते. ती जर खिडकी मिटायच्या बरोब्बर आधी पोचली, तर नळीत निसटलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. मघाच्या पंगतीत मागच्या दाराशी एक यजमान उभा आहे आणि निघालेल्या चार उपाशी पाहुण्यांना दंड धरून परत पानावर बसवतोय, असं समजा. फक्त हा यजमान ठरलेल्या वेळीच दारात येतो. लवकर आला तर पंगत अजून उठायचीच आहे, उशिरा आला तर दार बंद.

ही वेळ नळीच्या लांबीनं ठरते आणि ती लांबी साध्या गणितानं निघते. तापलेल्या वायूत लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ५१८ मीटर धरला, खिडकी १९० अंशांची आणि आरपीएम १०,००० असतील, तर ३.१७ मिलिसेकंदांत लाट जाऊन-येऊन १.६४ मीटर चालते. म्हणजे पिस्टनपासून परतीच्या शंकूपर्यंत सुमारे ८२ सेंटिमीटर. तेच इंजिन ८,००० आरपीएमला जोर देईल असं हवं असेल तर नळी एक मीटरच्या थोडी पुढं जाते. वीस सेंटिमीटर पत्र्याचा हा फरक, आणि त्यावर इंजिन कुठं गाणार हे ठरतं. भेडाघाटला संगमरवरी कड्यांमध्ये रुंद नर्मदा अचानक अरुंद होते, ते पाहून आमच्याकडचे लोक या नळीला तशी उपमा देतात. उपमा देखणी आहे पण फसवी आहे. नदीत पाणी पुढं जातं, म्हणून तिथं 'मोकळी वाट' हा विचार बरोबर. आपल्या नळीत मुख्य काम पुढं जाणाऱ्या धुराचं नाही, उलट परतणाऱ्या लाटेचं आहे. जाळी आणि शंकू उपटून फेकणारा माणूस परतीचा रस्ताच खणून टाकतो. मी तेच केलं होतं.

हे शास्त्र कुठून आलं त्याची गोष्ट एखाद्या हेरकथेत शोभेल अशी आहे. तेव्हाच्या पूर्व जर्मनीत चोपाऊ नावाचं छोटं गाव आहे. युद्धाआधी तिथं डीकेडब्ल्यू कंपनीच्या मोटारसायकली बनायच्या, युद्धानंतर त्याच कारखान्याचं नाव एमझेड झालं. त्यांचा शर्यतीचा विभाग वाल्टर काडेन या इंजिनिअरकडे १९५३ मध्ये आला. पैसा नाही, चांगल्या धातूंची टंचाई, सरकार कम्युनिस्ट. काडेननं नळीतल्या दाबाच्या लाटा ऑसिलोस्कोपवर मोजल्या, म्हणजे नेमकं तेच केलं जे मी केलं नव्हतं. १९६१ पर्यंत त्याचं १२५ सीसीचं इंजिन २५ अश्वशक्तीला, लिटरमागे २०० ला, पोचलं होतं. त्याच सप्टेंबरात, बर्लिनची भिंत उभी राहून महिनाच झाला असताना, त्याचा पहिल्या नंबरचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या क्रिस्टियानस्टाडच्या शर्यतीनंतर पळाला. बायकोमुलांनाही त्याच शनिवार-रविवारी गाडीच्या डिकीत दडवून सीमेपार काढलं होतं. हातात येत असलेलं विश्वविजेतेपद त्यानं सोडलं. ते होंडाच्या टॉम फिलिसला गेलं. डेग्नर जपानला सुझुकीकडे गेला, काडेनचं ज्ञान बरोबर घेऊन, आणि १९६२ साली ५० सीसीच्या वर्गात सुझुकीनं विश्वविजेतेपद मिळवलं. टू-स्ट्रोकचं ते पहिलं. काडेन चोपाऊतच राहिला. या सगळ्या प्रकरणात माझी सहानुभूती त्याच्याकडे जाते, हे लपवत नाही.

चोपाऊचा धागा आमच्या दारापर्यंत आणखी एका वाटेनं येतो. यामाहाची पहिली मोटारसायकल, १९५५ ची वायए-१, ही डीकेडब्ल्यूच्या आरटी १२५ वरून बेतलेली होती. त्याच यामाहाची आरडी ३५० एस्कॉर्ट्सनं १९८३ मध्ये 'राजदूत ३५०' म्हणून भारतात आणली आणि १९८५ मध्ये आरएक्स १०० आली. त्याआधी आपल्याकडे पोलंडच्या एसएचएलवरून घेतलेली राजदूत १७५ होती, जी दूधवाल्यांच्या कॅनसाठीच जन्मली असावी, आणि म्हैसूरची जावा-येझदी होती. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर आरडी ३५० ज्या तऱ्हेनं पळाल्या त्याच्या कहाण्या जबलपूरपर्यंत यायच्या, प्रत्येक स्टेशनला पाचशे आरपीएम वाढवून. जबलपुरात रेसट्रॅक नाही. इथल्या पोरांनी शर्यत पाहिली ती मासिकांतल्या फोटोंत.

पुस्तकं तर त्याहून दुर्मिळ. गॉर्डन जेनिंग्ज या अमेरिकन माणसाचं १९७३ चं टू-स्ट्रोक ट्यूनिंगचं हँडबुक मला मिळालं ते झेरॉक्सच्या झेरॉक्सच्या रूपात, काही आकृत्या निव्वळ काळे डाग. सगळी मापं इंच-फुटांत. लाटेचा वेग सेकंदाला १,७०० फूट धरून त्यानं दिलेलं सूत्र मी पहिल्यांदा वापरलं तेव्हा उत्तर इंचात येतं हे लक्षात न घेता सेंटिमीटर समजलो आणि माझी नळी टीचभर झाली. पत्रा वाया गेला, पण धडा पक्का झाला. पुढं ग्रॅहॅम बेलचं पुस्तक वाचलं, बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतल्या गॉर्डन ब्लेअर यांनी हेच सगळं कॉम्प्युटरवर कसं उतरवलं ते वाचलं. मराठीत मात्र मला काही सापडलं नाही. मोटार दुरुस्तीची आयटीआयची पाठ्यपुस्तकं आहेत, त्यात टू-स्ट्रोकला दीड पान आणि एक्झॉस्ट पोर्टला 'निष्कास द्वार'. ज्या माणसासाठी मी लिहितोय तो आयुष्यात कधी निष्कास द्वार म्हणणार नाही. म्हणून या पुस्तकात पोर्ट, जेट, रीड, स्क्विश, ब्लॉक, सीझ हे शब्द गॅरेजात जसे येतात तसेच ठेवले आहेत. समजावताना मात्र खिडकी, लाट, ओढ असे घरातले शब्द वापरले. कुणाला ही भेळ वाटेल. वाटू द्या.

आता त्या जानेवारीच्या पहाटेकडे. माझं इंजिन पकडलं ते फक्त वाकड्या पोर्टमुळे नाही, हे मला फार नंतर कळलं. त्याआधीच्या मे महिन्यात गाडी वरच्या आरपीएमला भरून यायची, गुदमरायची, म्हणून मी कार्ब्युरेटरमध्ये एक नंबर लहान मेन जेट टाकलं होतं. गाडी सुधारली आणि मी ते जेट विसरलो. जबलपुरात मेच्या दुपारी पारा सहज ४२ वर असतो आणि जानेवारीच्या पहाटे आठपर्यंत उतरतो. थंड हवा दाट असते. या दोन टोकांमध्ये तिच्या घनतेत सुमारे १२ टक्क्यांचा फरक पडतो. कार्ब्युरेटर आपोआप थोडं जास्त पेट्रोल ओढतो, पण निम्मीच भरपाई करू शकतो. उरलेले सहा टक्के मिश्रण कोरडं होतं. त्यात मी पोर्ट वाढवलेला, नळीतली लाट मारलेली आणि जेट मेचं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल हे इंधनही आहे आणि पिस्टन थंड ठेवणारं पाणीही. त्याच्याच सोबतीनं टू-टी ऑइल बेअरिंगपर्यंत पोचतं. मिश्रण कोरडं झालं की पिस्टन तापतो, फुगतो आणि भिंतीला चिकटतो. तेवरजवळ हेच झालं.

यासाठी जेटिंगवरचं प्रकरण या पुस्तकातलं सगळ्यात लांब आहे, आणि ज्यांना पोर्टिंगची घाई आहे त्यांनाही ते आधी वाचायची विनंती करतो. पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट, मधल्या पट्ट्यात सुई आणि तिच्यावरच्या खाचा, पूर्ण उघडल्यावर मेन जेट, हे पाठ असून भागत नाही. उंची बघावी लागते: जबलपूर समुद्रसपाटीपासून चारशे मीटरांवर, इथली हवा चेन्नईपेक्षा पाचेक टक्के विरळ. इथं जमवलेलं जेट घेऊन कुणी तिकडच्या इरुंगट्टुकोट्टैच्या ट्रॅकवर गेला तर मिश्रण कोरडं पडणार. आणि प्लग वाचावा लागतो. पूर्ण थ्रॉटलवर पळवून, तिथंच इंजिन बंद करून, क्लच दाबून थांबायचं आणि प्लग काढायचा. बदामी असेल तर ठीक, काळा ओला असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर गाडी ढकलत घरी न्या. हळूहळू चालवत घरी येऊन प्लग पाहणं म्हणजे जेवण झाल्यावर साखर तपासण्यासारखं. आकडा येतो, पण हवा होता तो नव्हे.

इग्निशन, रीड व्हॉल्व्ह आणि क्रँक यांवरची प्रकरणं त्यामानानं लहान आहेत. रीडच्या पात्या बदलून किती ताकद वाढते याच्या जाहिराती मी वाचल्या आहेत; मोजून पाहिलं तेव्हा फारसं हाती लागलं नाही. स्क्विशचं मात्र तसं नाही. पिस्टन सगळ्यात वर असताना त्याच्या आणि हेडच्या कडेमध्ये उरणारी फट किती आहे हे न बघता हेड कातून आणणारे खूप आहेत. मोजायला फक्त रेडिओ दुरुस्तीवाल्याकडची सोल्डरची तार लागते: प्लगच्या भोकातून आत सरकवायची, क्रँक हातानं फिरवायची, चेपलेलं टोक मायक्रोमीटरमध्ये धरायचं. दोन मिनिटांचं काम. नाही केलं तर डिटोनेशन पिस्टनच्या कडा वाळवीसारख्या कुरतडतं, आणि ते कुरतडणं बाहेरून ऐकू येत नाही, कारण सायलेन्सर मोकळा केलेला असतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे पुस्तक ट्रॅकसाठी, संग्राहकांसाठी आणि ज्याला आपलं यंत्र समजून घ्यायचंय त्याच्यासाठी आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानं रस्त्यावरच्या वाहनात मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करायला बंदी आहे आणि १८९व्या कलमानं सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं गुन्हा आहे. डुमनाच्या रस्त्यावर रात्री अकरा वाजता काय चालायचं ते मला माहीत आहे. त्यातला एक जण आज काठी घेऊन चालतो. प्रदूषणाचं म्हणाल तर टू-स्ट्रोकवरचा आरोप खराच आहे आणि मी त्याची वकिली करणार नाही. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं ते उगीच नाही. जगाच्या शर्यतीतही असंच झालं: ५०० सीसी वर्गाचा शेवटचा मोसम २००१, २५० चा २००९, १२५ चा २०११. त्या अखेरच्या काळात अॅप्रिलियाचं १२५ सीसीचं आरएसए इंजिन ५४ अश्वशक्ती द्यायचं; काडेनच्या दुपटीहून जास्त, आणि पाया त्याचाच: मिश्रण आत सोडणारी फिरती चकती, लाटेची नळी. मग दिवा विझला.

त्यामुळे आज जो कुणी आरएक्सच्या ब्लॉकला कानस लावतो तो पुन्हा बनणार नाही अशी वस्तू खर्च करतो. बाजारात ड्युप्लिकेट ब्लॉक मिळतात, पण त्यांचे पोर्ट एकमेकांशीसुद्धा जुळत नाहीत. जुन्या अस्सल ओतकामाचे जे उरलेत ते कुणाच्या तरी गोठ्यात, माळ्यावर, भंगारवाल्याच्या पोत्यात. रांझीतला माझा मिस्त्री आता नाही. त्याची डायल गेज मुलानं मला दिली. तिच्या डबीत सिगरेटच्या पाकिटाच्या आतल्या कागदावर लिहिलेली पोर्टची मापं निघाली, वीसएक गाड्यांची, गाडीनंबरसकट. पुस्तकातल्या दुसऱ्या तक्त्याचा आधार तो कागद आहे. गाडीनंबर मी गाळले.

पुस्तकाच्या शेवटी दहा कोरी पानं आहेत. छपाईची चूक नाही. पहिल्या पानावर तुमच्या इंजिनाची आज आहेत ती मापं पेन्सिलीनं लिहा: प्रत्येक पोर्टची वरची कड ब्लॉकच्या माथ्यापासून किती खाली, तीन ठिकाणी मोजून. स्क्विश. जेटचा नंबर, तारीख, तापमान. एका वेळी एकच बदल करा आणि त्याच्यासाठी नवं पान घ्या. माझ्या सूत्रांत कुठं चूक सापडली तर कळवा, पण नुसतं 'गाडी जोरात पळते' असं कळवू नका, आकडा कळवा.

माझा तो पहिला ब्लॉक अजून टेबलावर आहे, कागदांवर वजन म्हणून. मागच्या पावसाळ्यात एका अस्सल, न छेडलेल्या ब्लॉकशेजारी ठेवून तो मोजला. धुराची खिडकी डावीकडे १.४ मिलिमीटर वर गेली होती, उजवीकडे २.१.